टेलरभाऊंची दुसरी निधनवार्ता

टेलरभाऊ दोन वर्षांपूर्वी गेले होते, आणि परवा मंगळवारी सकाळी सव्वासातला ते पुन्हा गेले.

रेडिओताई तेव्हा गॅसपाशी उभी होती. गावच्या स्टेशनवर बावीस वर्षं रोज सव्वासातला निधनवार्ता वाचणारी ही बाई, म्हणून हे नाव. कोण गेलं, कुठे राहायचे, किती वाजता नेणार, हे ती घरच्यांना स्वतः फोन करून विचारायची, मगच वाचायची. आठ महिन्यांपूर्वी राजधानीतल्या एका कंपनीनं गावातली चारही स्टेशनं गिळली आणि हिला घरी बसवलं. आता शेजारच्या टेलरवहिनींच्या रेडिओतून तिचाच आवाज येत होता, "आपल्या सर्वांचे टेलरभाऊ आज पहाटे गेले. अंत्ययात्रा अकरा वाजता राहत्या घरून निघेल."

दूध उतू गेलं. ताई अनवाणीच धावली.

वहिनी शिवणयंत्रापाशी बसल्या होत्या, हातात अर्धी शिवलेली बाही. "ताई, तुम्ही त्यांना पुन्हा मारलंत हो," एवढंच म्हणाल्या.

साडेदहाला दारात नऊ माणसं फुलं घेऊन हजर! दोन वर्षांपूर्वी ज्यांना कळलं नव्हतं, ते सगळे. एक म्हातारं गिऱ्हाईक तर असं हमसून हमसून रडायला लागलं, की वहिनींनाच त्याला पाणी द्यावं लागलं. नवरा दोन वर्षांपूर्वीच गेलाय, हे त्या बाईनं नऊ वेळा सांगितलं. नऊ वेळा! काय अवस्था झाली असेल तिची?

ताईनं स्टेशनवर जाऊन वॉचमनला गाठलं. तिथे आता तेवढा एकच माणूस उरला होता. तो खाली बघत म्हणाला, "रोज एक तास इथलं काहीतरी लावायचा नियम आहे ना, ताई. म्हणून तुमच्या जुन्या टेपा लावतात. कुठली लावायची ते कॉम्प्युटर ठरवतो."

ताईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. गुरुवारी कंपनीच्या परवान्याची सुनावणी होती, आणखी दहा वर्षांसाठी. ती वहिनींना घेऊन तिथे जाऊन बसली.

कंपनीचा वकील लोण्यासारखं बोलत होता. "आवाज इथला, नावं इथली, पत्ते इथले. नियमात रोज एक तास स्थानिक एवढंच आहे, साहेब. आजचं हवं असं कुठेही लिहिलेलं नाही."

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी मान हलवली आणि पेन उघडून शेरा लिहायला घेतला.

"म्हणजे इथली माणसं तुम्हाला मेलेलीच चालतात का?" ताई ताडकन उठली. "चार स्टेशनं चार जणांची होती, तेव्हा एकानं खोटं सांगितलं की दुसरा त्याला उघडं पाडायचा. पुलाला तडा गेला तेव्हा तिघे गप्प बसले, चौथा बोलला, म्हणून माणसं वाचली. आता कुठलंही बटण दाबा, तोंड एकच! मला नोकरी परत नकोय. दोन स्टेशनं दुसऱ्या कुणाला तरी द्या, आणि प्रत्येक ठिकाणी इथला एक जिवंत माणूस बसवा. अशी अट घाला."

"तुमचं पटतंय हो मला," साहेब म्हणाले, "पण नियमात तर सगळं बसतंय."

तेव्हा शेजारी बसलेल्या वहिनी उठल्या. "साहेब, स्टेशनला एक फोन लावा. सांगा, माणूस गेलंय, बातमी वाचा."

"लावा की," वकील हसला. "चोवीस तास सेवा आहे आमची."

साहेबांनी टेबलावरच्या फोनचा स्पीकर लावला. तीन रिंगा झाल्या. मग एक मायेचा आवाज आला, "नमस्कार! बोला, मी ऐकतेय."

"हां, नमस्कार," साहेब पुढे वाकले. "एक निधनवार्ता द्यायची होती. नाव लिहून घेता का?"

"जाहिरातीसाठी एक दाबा."

"अहो, जाहिरात नाही, माणूस गेलंय. ऐका तरी!"

"जाहिरातीसाठी एक दाबा."

साहेबांनी वर पाहिलं. समोर ताई ओठ घट्ट मिटून उभी होती, डोळे भरलेले. 'मी ऐकतेय' म्हणणारा आवाज तिचाच होता, जुन्या टेपेतून उचललेला. बावीस वर्षं ती फोन उचलून हेच म्हणायची आणि खरोखरच ऐकायची.

"ऐकते म्हणणारी ही इथे उभी आहे, साहेब," वहिनी म्हणाल्या. "मग तिकडे कोण आहे?"

वकिलानं फाईल चाळायला घेतली. साहेबांनी फोन ठेवला. 'पूर्तता झाली' असा शेरा अर्धा लिहून झाला होता, त्यावर त्यांनी आडवी रेघ मारली आणि कोरा कागद पुढे ओढला.

"सांगा ताई, अट काय लिहू?"

ताईनं वहिनींचा हात धरून त्यांना पुढे केलं. वहिनींनीच सांगितलं, "लिहा, फोन उचलणारं माणूस हवं. जिवंत."