आत मान आहे

मी एक जुनी मान आहे. दचकलात ना? मित्रांनो, दचकू नका. मी माणसाची नाही, गिटारची मान आहे. गिटारच्या पोटापासून निघून डोक्यापर्यंत जाणारा, तारांखालचा जो लांब लाकडी भाग वादक डाव्या मुठीत धरतो, तो म्हणजे मी. पण आत्ता तुम्ही दचकलात, तसाच एकदा एक मनुष्य दचकला होता. त्याचे दचकणे माझ्या मानेवर आले.

माझ्या जन्माची सुरुवात लाकडाच्या वखारीत झाली नाही. ती झाली दातांच्या कवळ्या बनवण्याच्या एका खोलीत. तिथे काम करणाऱ्या मुलीची आई गिटार शिकवत असे. शिष्य तिला बाई म्हणत. एका दुकानाचे लोखंडी शटर बाईंच्या डाव्या हातावर पडले. हाडे जुळली, पण अंगठा पूर्वीसारखा उघडेना. नेहमीच्या गिटारची मान त्यांच्या मुठीत मावेनाशी झाली. शिकवणी बंद पडली. गिटार भिंतीवर गेली.

मुलीने दातांचा ठसा घेण्याचा मऊ लगदा मळला, त्याची वळकटी केली आणि आईच्या हातात दिली.

"आई, जमेल तेवढीच मूठ कर. आता हलू नकोस."

"माझ्या हाताला कवळी बसवतेस का गं?"

"बसवते. फक्त चावू नकोस."

बाई हसल्या. मग हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "हे शेवटचं हं. ही नवी मानसुद्धा धरता आली नाही, तर गिटार कुणाला तरी देऊन टाकायची. रोज तिच्याकडे बघत बसायची ताकद नाही माझ्यात."

मुलीने गिटारची जुनी मान स्क्रू काढून वेगळी केली, जोडाची मापे घेतली आणि मापे व ठसा दूरच्या एका मिस्त्रींकडे पाठवला. ते गिटारचे सुटे भाग मागणीप्रमाणे घडवून देत. त्यांनी एक फिकट, सरळ रेषांची फळी निवडली. रंधा मारायचा, ठशाशी ताडून पाहायचे, पुन्हा रंधा मारायचा. एका बाजूला मी जाड राहिले, दुसऱ्या बाजूला इतकी बारीक झाले की मिस्त्री स्वतःच मला हातात घेऊन गोंधळत. "ही मान माझ्या हाताला वाकडी लागते," ते म्हणत, "म्हणजे बरोबर झालीय." माझ्या अंगावर धातूच्या पट्ट्या बसल्या, डोक्यात तारा पिळायच्या सहा जड खुंट्या बसल्या.

मिस्त्रींच्या कारखान्यात गिटार हा शब्द कोणी उच्चारतच नसे. सगळीकडे गिटारच, मग वेगळे काय म्हणायचे! "लांब मान घासून झाली का?" "त्या पातळ मानेला अजून एक हात मार." दिवसभर असेच चाले. मिस्त्रींची थोरली बहीण, आक्का, माल बांधण्याचे काम करी. तीही असेच बोले. या सवयीचे पुढे काय झाले ते ऐका.

माझे डोके मागच्या बाजूला थोडे कललेले आहे. मला खोक्यात फोमच्या गादीवर उताणे ठेवले की गादीपलीकडे कललेल्या डोक्याखाली पोकळी राहते. आक्काने फोमचा एक तुकडा पाचरीसारखा कापून त्या पोकळीत नेमका बसवला.

"आक्का, किती वेळ लावतेस?" मिस्त्री म्हणाले.

"तुला घडवायला लागतो तेवढा. डोकं अधांतरी सोडू का?"

मग तिने खोके बंद केले. काळे पेन वाळून गेले होते, म्हणून लाल घेतले आणि वर ठसठशीत लिहिले: 'आत मान आहे. मोडेल. जपून.'

पार्सलच्या कचेरीत खोके काट्यावर चढले. वजन करणारा माणूस वाकला आणि वाचून दोन पावले मागे सरला.

"साहेब, इकडे या. मान आलीय."

"कसली मान?"

"तेच लिहिलं नाही. नुसती मान. मोडेल म्हणे. लाल शाईत."

साहेब उठले, पण जवळ आले नाहीत. "जरा हलवून बघ."

"मी नाही हलवणार. लेकरंबाळं आहेत मला."

शेवटी साहेबांनीच पाते घेतले, तोंड फिरवून चिकटपट्टी कापली आणि एक डोळा उघडून आत पाहिले.

"अरे, हे गिटारचं दांडकं!"

दोघे पोट धरून हसले. वजन करणाऱ्याने कपाळाचा घाम पुसला. "पाठवणाऱ्याला भेटायला पाहिजे एकदा. पुढच्या खेपेला पाय पाठवेल, टेबलाचा!" मीही मनातल्या मनात हसले. ती माणसे वाईट नव्हती. त्यांनी मला पुसून पुन्हा खोक्यात ठेवले. मात्र पालथे ठेवले. आता माझे डोके उलट्या बाजूला, अधांतरी वर राहिले आणि त्याच्याखाली पाचर बसेना.

"साहेब, हा एक तुकडा उरला."

"उरला म्हणजे जास्तीचा असेल. टाक वरून आणि चिकटव."

मित्रांनो, हे वाक्य मी आजतागायत विसरले नाही.

गाडीतून माल उतरवताना माझे खोके हातातून निसटले. फार उंचावरून नव्हे, कमरेइतक्या उंचीवरून. तेवढ्या उंचीने काय होणार, असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटले होते. खोके जमिनीवर आपटून थांबले. खोक्याला टेकलेले माझे अंग थांबले. डोक्याला मात्र कोणी थांबवलेच नाही. सहा खुंट्यांचे वजन घेऊन ते जात होते तसे पुढे जात राहिले. कट् असा आवाज झाला. इतका लहान आवाज, की उतरवणाऱ्यालाही ऐकू आला नाही. धक्का धक्का म्हणतात तो काय असतो, ते मला तेव्हा कळले. दुखण्याच्याही आधी नवल वाटते. आपलेच डोके आपल्याबरोबर का नाही, हे समजत नाही.

घरी मुलीने खोके टेबलावर ठेवले. बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी हात धुऊन कोरडे केले होते. कोपऱ्यात बिनमानेची गिटार भिंतीला टेकून वाट पाहत होती. झाकण उघडताच फोमचा तुकडा टुणकन बाहेर पडला. मुलीने मला उचलले, आणि माझे डोके लाकडाच्या एका सालपटावर लोंबू लागले.

मुलगी मला तशीच धरून उभी राहिली. मग तिने झाकण पुन्हा लावायचा प्रयत्न केला, जणू बंद करून परत उघडले तर आत दुसरे काही निघेल.

"आई, बघू नकोस तू."

"बघितलं मी," बाई हळूच म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या.

मुलीने कारखान्यात फोन लावला. आक्काने उचलला. मुलीच्या तोंडून एवढेच निघाले, "मान मोडली हो!"

"अगं बाई! कुणाची? आईची?"

"नाही हो. गिटारची."

आयुष्यभर मान, मान म्हणणाऱ्या आक्कालाही आधी माणसाचीच मान आठवली होती. मग ती खोल आवाजात म्हणाली, "मी नुसतं मान लिहिलं का गं वर?" मुलीने झाकण पाहिले. लाल अक्षरांच्या मधोमध चिकटपट्टीचा दुसरा थर होता. खोके कुणीतरी उघडले होते हे तिला तेव्हा दिसले.

"बाळ, रडू नकोस," फोनवर आता मिस्त्री होते. "मी नवी घडवून देतो."

मुलगी डोळे पुसत वळली. बाईंनी मला मांडीवर घेतले होते. लोंबते डोके त्यांनी उजव्या हातात झेलले होते, आजाऱ्याचे धरतात तसे. डावा हात माझ्या अंगावरून सावकाश सरकला आणि मिटला.

"बसला गं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हात. हे बघ. अंगठा मागून येतोय."

त्यांनी बोटे एकेक करून पट्ट्यांमध्ये टेकवली. तारा नव्हत्या, सूर नव्हता. तरी बोटे कुठल्यातरी जुन्या गाण्याच्या वाटेने चालत होती. बाईंचे तोंड अर्धवट उघडे राहिले होते. आपल्याच हाताकडे इतक्या आश्चर्याने पाहणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

"मिस्त्रींना सांग, नवी नको. हिचंच डोकं जोडा."

मुलीने मला परत पाठवले, पाचरीसकट, कवळी बांधावी तसे बांधून. चीर तिरपी आणि लांब गेली होती. तिरप्या चिरेत सरसाला पकडायला जागा पुष्कळ मिळते. मिस्त्रींनी सरस भरून मला शिकंज्यात आवळले आणि सरस पुरता वाळू दिला. परत निघताना आक्काने खोक्यावर लिहिले: 'आत गिटारची मान. गिटारची.' आणि दुसऱ्या 'गिटारची'खाली रेघ मारली. "दांडा लिही की सरळ," मिस्त्री म्हणाले. "माझ्याच्याने ते लिहवत नाही," आक्का म्हणाली. तिने खोक्याच्या आतही एक चिठ्ठी लावली: 'उताणे ठेवावे. पाचर डोक्याखाली.'

त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. माझ्या पट्ट्या बाईंच्या बोटांनी झिजल्या. शिकवणी पुन्हा भरली. जोडाची रेघ अजून हाताला लागते. नवा शिष्य आला की बाई त्याचे बोट तिच्यावरून फिरवतात आणि माझ्या मोडण्याची गोष्ट सांगतात. तो दरवेळी विचारतो, "कुणाची मान?"

वाजवून झाले की बाई मला पेटीत उताणे ठेवतात. मग पेटीच्या खणातून पिवळा पडलेला, कडा झडलेला तो फोमचा तुकडा काढतात आणि माझ्या डोक्याखाली सरकवतात. पेटी माझ्या मापाची आहे, त्याची आता गरज नाही. तरी त्या तो ठेवल्याशिवाय झाकण लावत नाहीत.

मित्रांनो, कधी कुणाचे काही बांधाल, उघडाल, पुन्हा बंद कराल. आत काय आहे ते पुरते लिहा. आणि हातात एखादा तुकडा उरला, तर तो जास्तीचा समजू नका. क्षणभर थांबा, आणि तो कुणाच्या डोक्याखालचा आहे ते शोधा.