पिन खोचली म्हणजे झालं?

मी माइकची वायर बोलतेय. काळी, लांबडी, टोकाला पिन असलेली. माइकपुढं सगळे मिरवतात, त्याला फुंकर मारतात, टिचक्या मारतात. माझ्यावर मात्र पाय देऊन जातात आणि आवाज नाही आला की मलाच शिव्या घालतात.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते ठाऊक नाही, त्याचं सोयरसुतकही नाही. जुन्नरला नुमानच्या मोबाइलच्या दुकानात मी खिळ्याला लटकत होते. तिथून कळंबच्या आदेशनं मला नेलं. पुण्यात कंपनीत कामाला, सुट्टीत गावी येऊन व्हिडिओ करणारा गडी. सोबतचा माहितीचा कागद त्यानं न वाचताच चुलीत घातला. सगळं येतं ना त्याला!

त्याची आजी कुशाबाई. तिचं सासरचं गाव डिंभ्याच्या धरणात गेलं. तिथल्या वावरांची नावं आता तिच्याच तोंडी उरलेली. घशात गाठ, सोमवारी ऑपरेशन. पुढं आवाज राहील की नाही, याची हमी डॉक्टरनं दिली नव्हती. म्हणून आधी तिचा आवाज भरून घ्यायचा होता.

आदेशनं पिन लॅपटॉपच्या भोकात खोचली, माइकवर टिचकी मारली. पडद्यावरची आवाजाची रेघ उडाली. झालं चालू, म्हणाला. कसलं चालू? लॅपटॉपच्या पोटात त्याचा स्वतःचा माइक असतो, टिचकी त्यानं ऐकली. बाहेरच्या माइकचं ऐकायचं असेल तर आत सेटिंगमध्ये तो निवडावा लागतो. तेवढी तसदी कोण घेणार? मी आपली दारातच ताटकळत.

म्हातारी ओसरीच्या टोकाला माइक धरून जीव ओतून बोलली. लॅपटॉप इकडं पंख्याखाली, आणि आदेश त्याच्या सार्थक नावाच्या दोस्ताशी कुजबुजतोय.

मग ऐकायला लावलं. म्हातारीचा आवाज कुठंतरी विहिरीत पडल्यासारखा. पंख्याची घरघर, आणि तिच्यावर आदेशचाच दणदणीत आवाज, "हिचं ते 'व्हतं', 'न्हाई' सगळं कापून टाकू. असल्या बोलण्याला लोक हसतात राव."

आदेशच्या बायकोनं, हर्षालीनं, मला उपसून काढलं. ती बोलली तशी रेघ तरीही नाचली.

"अहो, मग ही काय शोभेला लावली होती?"

कुशाबाई नातवाकडं बघत होती. "गाव पाण्यात घातलं तवा आमाला कुनी इचारलं न्हाई. आता माझं बोलनं तू कापनार व्हय रं?"

त्यानं मान खाली घालून मला परत खोचलं आणि सेटिंग बदललं. पुन्हा बोल म्हणायची छाती झाली नाही. तिनंच माइक ओढला. घसा बसत आलेला.

"हे रडकं खाचर, भाताचं. भर उन्हाळ्यात बी पानी झिरपत व्हतं म्हनून रडकं. त्याच्या वर सवतीचा तुकडा. दोघीजनी बांधावर भांडत व्हत्या..."

सगळं माझ्यातून गेलं. एकेका 'व्हतं'सकट.

आता आदेशनं बिनवायरचा माइक आणलाय. त्याची बॅटरी ऐन बोलण्यात मरते, मरू दे. मी कपाटात पडून आहे आणि मला कुणाची कीव नको. सांगणं एवढंच, पिन खोचून छाती फुगवू नका. आत कोण ऐकतंय ते आधी बघा, आणि तोवर तोंड आवरा.

ऑपरेशन झाल्यापासून कुशाबाईच्या तोंडून नुसती हवा येते. परवा आदेश पोरांना गावाचं सांगताना 'रडकं शेत' म्हणाला. तिनं लॅपटॉपकडं बोट केलं. त्यानं तिचा आवाज लावला आणि तिच्या मागून, तिच्यासारखंच, 'रडकं खाचर' म्हटलं.