सिरगाचा उतार

जोलबोर्स म्हणजे वाघ. आईबापांनी मोठ्या हौसेने ठेवलेलं नाव. पण बर्फ वितळायला लागल्यापासून हा वाघ आपल्याच घरात मांजराच्या पावलांनी वावरत होता, आणि तेही स्वतःच्या मुलीच्या धाकाने.

धाक उगाच नव्हता. कारा-बुलाकच्या शाळेतल्या आयचुरेकबाईंनी गेल्या शरदात पोरांचं राखणदार मंडळ काढलं होतं. गावामागच्या डोंगरावर तेरेस्केनची झुडपं आहेत. दिसायला वीतभर, पण मूळ हातभर खोल, आणि उपटलेल्या जागी नवं यायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. या उंचीवर दुसरं लाकूड नाही, त्यामुळे आजवर सगळ्यांच्या चुली याच मुळांवर पेटल्या आणि डोंगर टक्कल पडल्यासारखा झाला. बाईंनी प्रत्येक पोराला उताराचा एकेक तुकडा नेमून दिला. पोरांनी दगड लावून हद्दी आखल्या आणि गळ्यात हिरवे रुमाल बांधले. गावातल्या म्हाताऱ्यांनाही ते पटलं. त्यांनी ठराव केला, राखीव उतारावर ज्याची कुदळ पडेल, त्याच्या याकांना येत्या उन्हाळ्यात वरच्या कुरणात जागा नाही. वरचं कुरण नाही म्हणजे दूध नाही, आणि दूध नाही म्हणजे पुढच्या हिवाळ्याला काहीच नाही.

आणि जोलबोर्सची कुदळ पडली होती. ऐन हिमवादळात घरातल्या गोवऱ्या संपल्या, तान्ह्या पोराचा खोकला छातीत उतरला, आणि तो पोतं घेऊन डोंगराला वळसा घालून गेला. हद्दीचे दगड बर्फाखाली होते. खरं सांगायचं तर त्याने ते शोधलेही नाहीत. पोतंभर मुळं घेऊन तो घरी आला, आणि त्या आठवड्यात पोराचा खोकला निवळला.

बर्फ उतरलं तशी त्याची मुलगी सिरगा, त्या राखणदारांतलीच एक, एके दिवशी डोंगरावरून परतली. चहात नान बुडवून ती बराच वेळ तसंच धरून बसली. मग म्हणाली, माझ्या उतारावर खड्डे आहेत.

जोलबोर्सने काही ऐकलंच नाही असं दाखवलं. इतका सगळा डोंगर पडला असताना नेमका पोरीचाच तुकडा आपल्या वाट्याला यावा, या नशिबाला काय म्हणावं. संध्याकाळी तिने चुलीपाशी बसून विचारलं, ही मुळं कुठली. रस्त्यावरच्या एका ट्रकवाल्याने दिली, असं त्याने सांगितलं. तिने एक मूळ उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि चुलीत सारलं. ती ओरडली असती, रडली असती, तर त्याला झोप लागली असती. पण ती काहीच बोलली नाही, आणि चोराच्या मनात चांदणं.

तेव्हापासून त्याला सगळंच खटकायला लागलं. शाळेच्या दाराशी सिरगा आणि बाई बोलत असल्या आणि हा दिसला की बोलणं थांबतंय, असं त्याला वाटे. पोरगी बाळाला खेळवताना सुद्धा कोपऱ्यातल्या पोत्याकडे बघते, असं वाटे. ती झोपली की तो तिच्या दप्तरात हात घाली. तिथे तुटकी पेन्सिल आणि सुकलेल्या चिजाचे गोळे यांपलीकडे काही निघत नसे, तर त्याचाही त्याला संशय येई. त्याच्या आजोबांनी सांगितलेली गोष्ट त्याच्या डोक्यात घोळत राही. तेव्हा, सोव्हिएत काळात, रुमाल लाल असत. लाल रुमालवाल्या पोरांना शाळेत गोडीगोडीने विचारत, घरी मेंढ्या किती, आणि पोरं बिचारी खरं सांगत. मग बापांना धरून नेत, ते परत यायचे नाहीत. रुमालाचा रंग बदलला म्हणून काय झालं, असं जोलबोर्सला वाटायचं.

एकदा तो बायकोकडे, बुरुलकडे, कुरकुरला. "घरात पोलीस पोसलाय आपण."

"पोलिसाला काम लागतं ते चोर असल्यावर," बुरुल बाळाची टोपी सारखी करत म्हणाली. "पोरीला सरळ सांगून टाका ना."

सांगायचं कसं? सांगितलं की तिच्या हातात पुरावा. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

वसंतातल्या नवरोजच्या सणानंतर शाळेत सभा भरली. राखणदारांनी एकेक करून गावापुढे उभं राहायचं आणि आपल्या उताराची खबर द्यायची. जोलबोर्स दाराजवळ बसला, वेळ आली तर निसटता यावं म्हणून. पोरं येत होती, बोलत होती, टाळ्या पडत होत्या. कुणाच्या उतारावर सशाचं बीळ होतं, कुणाच्या झुडपाला कोंब आला होता. मग सिरगाचं नाव पुकारलं.

ती उभी राहिली. माझ्या उतारावरची झुडपं गेली, म्हणाली. आयचुरेकबाईंनी हळूच विचारलं, याकांनी खाल्ली असतील का? सिरगाने नकारार्थी मान हलवली. याक मूळ खणत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सभेत कुजबुज सुरू झाली. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आता ही बोलणार. याच दिवसासाठी हिला वाढवलं, असं त्याच्या मनात आलं.

"मी उपटली," सिरगा म्हणाली. "बाळाला थंडी वाजत होती."

बाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता, वाईट मात्र फार वाटलेलं दिसत होतं. सिरगाने कुणी सांगायच्या आतच गळ्यातला रुमाल सोडला, नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवला. बापाकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

जोलबोर्स उठला. आपण उठलोय हे त्याला उठल्यावर कळलं. "ती नाही," तो म्हणाला. "मी. कुदळ माझी, पोतं माझं. घरी चला, दाखवतो."

गावातल्या म्हाताऱ्यांत सगळ्यांत थोरले इस्मानाली. त्यांनी दाढीवरून हात फिरवला आणि ते हसले, अगदी मायेने. "बस रे, वाघा. पोतं तुझ्या घरात असणारच, पोरीने आणून ठेवलं ना. लेकरू चुकलं आणि बाप आडवा पडला. पडायलाच पाहिजे."

"इस्मानाली-अता, मी खरं सांगतोय."

"सगळे बाप असंच खरं सांगतात," म्हातारबा म्हणाले, आणि सभा हसली. पोर लहान आहे, कुरणाची शिक्षा नको, रुमाल गेला तेवढं पुरे, असं ठरलं. बायकांनी डोळे टिपले. शेजारच्याने जोलबोर्सची पाठ थोपटली. आयुष्यात इतकं कौतुक त्याचं कधी झालं नव्हतं, आणि त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

घरी जाताना सिरगा चार पावलं पुढे चालत होती. वारा सुटला होता आणि तिची मान उघडी होती. त्याने आपला मफलर काढून पुढे केला. तिने घेतला नाही.

"आके," ती न वळता बापाला म्हणाली, "मी तुमचं नाव घेईन असं वाटलं होतं ना तुम्हाला?"

नाही म्हणणं सोपं होतं. "हो," तो म्हणाला.

"म्हणून दप्तर बघायचात."

ती जागी असायची तर. घर दिसायला लागल्यावर तो म्हणाला, "उद्या आपण दोघं जाऊ. खड्डे बुजवू, बी टाकू. मला तुझा उतार दाखवशील?"

सिरगा थांबली आणि पहिल्यांदा तिने त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत आहे तो कुठे आहे," ती म्हणाली, आणि दार उघडून आत गेली.