चौसष्टची की पासष्टची

सकाळी आंघोळ झाल्यापासून दुपारी बाराला खंडोबाला नैवेद्य दाखवेपर्यंत मी बोलत नाही. वीस वर्षांचं हे मौन. त्याचा जास्त फायदा झाला तो आमच्या यांना, म्हणजे दादासाहेबांना. मधे तोंड न घालणारं माणूस त्यांना रोज चार-पाच तास मिळतं.

रहाटणीच्या एका बंद गोडाऊनमधून यांनी जुनी मस्टँग, ती अमेरिकन मोटार, चऱ्होलीला आणली, तेव्हापासून मी भाजी निवडता निवडता तिचाच इतिहास ऐकत आले. सतरा एप्रिल एकोणीसशे चौसष्टला ती बाजारात आली. पहिल्याच दिवशी बावीस हजार ऑर्डरी. लांब नाकाची, आखूड पाठीची, तरण्या पोरांना परवडणारी. तिच्यावरून तसल्या सगळ्याच गाड्यांना तिकडं 'पोनी कार' म्हणायला लागले, म्हणजे तट्टू गाडी. नाकावर धावता घोडा. घोडा म्हटल्यावर तो देवाचाच, म्हणून मी त्याला रोज भंडारा लावते.

एक गोष्ट मात्र यांनी गावात वेगळी सांगितली. पहिल्या काही महिन्यांतल्या गाड्यांत बॅटरी चार्जिंगला डायनॅमो असायचा, पुढं अल्टरनेटर आला. आमच्या गाडीत अल्टरनेटर. इंजिन उतरवलं तेव्हा नवनाथ मेकॅनिक माझ्यासमोर म्हणाला होता, "काका, हा मूळचाच हाय. गाडी पासष्टची." पण तोवर चौसष्टची, पहिल्या लॉटची, म्हणून हे सगळीकडं पेढे वाटून बसले होते.

चिंचवडला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. पहिल्या लॉटच्या गाडीला मधल्या मांडवात मान. यांनी फेटा बांधला, अर्धी चऱ्होली बघायला आली. परीक्षक होत्या तनुजा मॅडम, चाकणच्या कंपनीत इंजिनियर. साडेअकराला त्यांनी बॉनेट उघडलं आणि वाकून पाहिलं.

"काका, अल्टरनेटर?"

"नंतर बसवला, मॅडम. मूळचा डायनॅमो जळाला."

"चासी नंबरवरून साल कळत नाही हो. पहिल्या लॉटवरही पासष्टचाच आकडा असतो." मग त्या माझ्याकडं वळल्या. "काकू, तुम्ही तर घरीच होतात. जुना डायनॅमो पाहिलात का?"

"तिचं मौन हाय!" हे म्हणाले. इतक्या आनंदानं की शेजारचे हिंदुराव हसायलाच लागले.

"दादा, वहिनींच्या व्रताचं एवढं कवतिक आजच कसं काय?"

"मौन कधी सुटतं?" मॅडमनी विचारलं.

"बाराला," हिंदुरावांनी सांगून टाकलं.

"मग मी बाराला येते."

त्या गेल्या तसे हे माझ्या कानाशी लागले. "आगं, आज नैवेद्य तीनला दाखव."

मी नुसतं पाहिलं.

"बरं, दोनला. देव काय कुठं पळून चाललाय?"

मी डब्यातलं भरीत-भाकरी ताटलीत काढत राहिले.

"बरं, बोलू नको. नुसती मान हलव. मान हलवली म्हणजे काय खोटं बोलणं न्हाई."

खोटं बोलायचं नाही, हेही माझं व्रतच. पण यांचा चेहरा बघवेना. समोर सगळा गाव उभा, आणि फेट्याखाली घामाच्या धारा. 'देवा, तूच काय ते बघ,' असं मनातच म्हणून पर्समधल्या तसबिरीला मी बरोबर बाराला नैवेद्य दाखवला. हात जोडले. डोळे उघडले तर मॅडम समोर.

"झालं काकू? आता सांगा."

मी ताटली उचलली, घसा साफ केला, तोंड उघडलं.

"पासष्टची हाय!" हे ओरडले. "मॅडम, पासष्टची! डायनॅमो नव्हताच कधी. तिला इचारू नका, ती खरं तेच सांगणार."

मग हिंदुराव म्हणाले, "दादा, पेढ्यांचं आता काय करायचं? पचले बी आमचे."

सगळा मांडव हसला. शेवटी हेही हसले, आधी खाली बघून, मग मोठ्यानं. मॅडमनी वहीत काहीतरी खोडलं आणि गाडी कडेच्या रांगेत लावायला सांगितली. चऱ्होलीच्याच चार जणांनी ती ढकलत नेली.

ढकलता ढकलता यांनी हळूच विचारलं, "तू काय सांगणार होतीस गं?"

मला मॅडमना एवढंच म्हणायचं होतं, 'आधी प्रसादाचे दोन घास खाऊन घ्या.' त्याच्यापुढं काय बोलले असते, ते माझं मलाही माहीत नाही. यांना मात्र हे मी अजून सांगितलेलं नाही.