पितळी चोचीचा आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. जो माझ्यात न पाहता माझी पाठ तपासतो, त्याचा मला आधी संशय येतो.

माझा जन्म लंडनच्या एका कारागिराकडे झाला. त्याने चौकटीवर वेली कोरल्या, माथ्यावर एक पक्षी बसवला आणि सगळ्यावर सोन्याचा वर्ख चढवला. एका मोठ्या घरात मेणबत्त्यांसमोर मी झगमगत असे. पुढे ते घर मोडले, सामान विकले गेले आणि फिरत फिरत मी श्रॉपशर परगण्यातल्या कॅडवॉलडर लोहारांच्या स्वयंपाकघरात आलो. चुलीच्या धुराने माझा वर्ख काळवंडला. पक्ष्याची चोच तुटली, तेव्हा जॉर्ज लोहाराने पितळेची घडवून बसवली. त्याची बायको विनिफ्रेड रविवारी चर्चला निघताना माझ्यासमोर टोपी नीट करी.

जॉर्ज वारल्यावर ट्रँटर नावाचा व्यापारी दारात आला. त्याने माझी पाठ पाहिली.

"कीड लागलीय बाई याला. घरभर पसरेल. मी नेऊन जाळून टाकतो."

विनिफ्रेडने मान डोलावली. त्याने मला जाळले नाही, लडलो गावातल्या आपल्या दुकानात टांगले.

तिथे हेस्टर पिनफोल्ड आली. जुने आरसे जमवण्याचा तिला नाद होता.

"थेट उमरावाच्या दिवाणखान्यातून आलाय, मॅडम," ट्रँटर म्हणाला.

तिने मला विकत घेतले. घरी नेल्यावर मात्र पाठीवरून बोट फिरवले. बोटाला काजळी आणि चरबी लागली.

"उमराव काय दिवाणखान्यात बेकन तळायचा?" ती पुटपुटली.

पितळी चोच कुणा लोहाराने हाताने घडवलेली दिसत होती, म्हणून तिचा फोटो घेऊन ती आसपासच्या लोहारांकडे फिरली. एक म्हातारा लोहार पाहताच म्हणाला, "ही तर जॉर्ज कॅडवॉलडरच्या हातची. त्याच्या स्वयंपाकघरात होता हा आरसा. कीड लागली म्हणून जाळायला दिला, असं विनिफ्रेड सांगत होती."

हेस्टरने ट्रँटरला जाब विचारला.

"आता तुमचा झालाय ना?" तो म्हणाला. "मग कशाला उकरत बसता?"

त्या संध्याकाळी ती माझ्यासमोर बराच वेळ उभी होती. माझ्यासारख्या आरशाच्या शोधात तिचे निम्मे आयुष्य गेले होते. ती गप्प बसणार, अशी माझी खात्रीच होती. सकाळी तिने मला घोंगडीत गुंडाळले.

विनिफ्रेडने दार अर्धेच उघडले.

"आता काय न्यायचं राहिलंय?"

"न्यायला नाही आजी, द्यायला आलेय. याला कीडबीड काही नव्हती. खोटं बोलला तो तुमच्याशी."

"आणि तुम्ही खरं बोलताय कशावरून?"

 हेस्टरने माझ्यावरची घोंगडी बाजूला केली. विनिफ्रेडने चोचीवर अंगठा फिरवला, फिरवतच राहिली. मग दार पूर्ण उघडले.

तिने पाहुणीला चहा दिला. पाहुणी गेल्यावर चमचेही मोजून पाहिले. मला त्याचे वाईट वाटले नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू घरी आणाल तर तिची धूळ हलक्या हाताने पुसा. पण ती कोणाच्या भिंतीवरून उतरली, हे आधी विचारा. उत्तर फारच गोड आले, तर पुन्हा एकदा विचारा.