पाचपेक्षा कमी

एकतीस वर्षं बाई एकच प्रश्न घेऊन लोकांच्या मानगुटीवर बसल्या होत्या. एकाच कामाला गोऱ्या पुरुषाला शंभर मिळतात, तर काळ्या बाईला किती? दवाखाने, बँका, कारखाने, कुणालाच सोडलं नाही. बाई स्वतः काळ्या, म्हणून टोमणेही ठरलेले. "तुम्ही जरा घरच्यांच्या बाजूनं मोजत असाल." बाई म्हणायच्या, "आणि गोऱ्यांनी मोजलेलं बिनरंगी असतं, होय?"

शेवटी त्यांच्या संशोधन संस्थेनं स्वतःच्याच पगारांचं मोजमाप केलं. बाईंच्या निवृत्तीला दोन महिने उरलेले. अहवालाचा मसुदा हातात आला तशी बाईंनी आधी आपली ओळ शोधली. ज्येष्ठ संशोधक : गोरे पुरुष, गोऱ्या स्त्रिया, काळे पुरुष. मग थेट 'इतर'. खाली निष्कर्ष, तफावत आढळली नाही.

बाई तरातरा संचालकांच्या खोलीत गेल्या. संचालक म्हणजे त्यांचाच जुना विद्यार्थी. चार वर्षांपूर्वी खुर्ची बाईंच्या वाट्याची होती, बसला हा.

"माझी ओळ कुठाय रे?"

"बसा ना, बाई. पाचपेक्षा कमी माणसं असली की वेगळी ओळ छापायची नाही. ज्येष्ठांत काळ्या स्त्रिया म्हणजे तुम्ही एकट्याच."

"एवढ्या वर्षांत एकटीच, हाच निष्कर्ष आहे की."

"नियम तुमचाच आहे, बाई."

होताच. नवखेपणी बाईंनी एका दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या चौघी काळ्या बायकांचा पगार वेगळ्या ओळीत छापला होता. कोण बोललं ते व्यवस्थापकानं बोटांवर मोजून काढलं आणि आठवड्यात चौघी घरी. बाई माफी मागायला गेल्या, तर एकीनं तोंडावर दार लावलं. तेव्हापासून हा नियम.

"मी लेखी परवानगी देते. माझ्या नावानिशी छाप."

"तुमची घेतली, तर उद्या प्रत्येक मालक धाकदपटशानं अशीच परवानगी लिहून घेईल. तुम्हीच शिकवलंत."

पोरगा हुशार निघाला होता, हीच तर पंचाईत. आपलेच दात, आपलेच ओठ.

"बरं, ओळ नको. पण 'तफावत आढळली नाही' हे खोटं आहे. 'मोजता आली नाही' असं लिही."

"संस्थेच्या मंडळानं तसंच मंजूर केलंय." तो पेनाचं टोपण काढत-घालत राहिला. "आणि लेखकांत तुमचं नाव पहिलं ठेवलंय. मान म्हणून."

बाईंनी त्याच्या हातातलं पेन घेतलं, मसुद्यावरचं आपलं नाव खोडलं आणि बाहेर पडल्या.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. पहिलं नाव बाईंचंच. त्यांनी फोन लावला.

"मुखपृष्ठ आधीच छापून झालं होतं, बाई," संचालक म्हणाला. "पण लोक फार कौतुक करताहेत. म्हणतात, खुद्द बाई सांगताहेत म्हणजे तफावत नसणारच."