कारंज्यावरचा जास्तीचा बेडूक

थोरल्या जावयाचं चष्म्याचं दुकान होतं. अख्ख्या गावाला तो लांबचं दाखवायचा, पण त्याला स्वतःला आजवर एकही डबी सापडली नव्हती.

डबी म्हणजे सासऱ्यांचं खूळ. फोनवर ठिपका दिसतो, तिथे जायचं, कुणा अनोळखी माणसाने लपवलेली डबी हुडकायची, आतली वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची. निवृत्त झाल्यावर लोक गुडघे सांभाळतात. सासरे दर रविवारी लेकी-जावयांना घेऊन झुडपांत शिरायचे. डबी सापडायची ती दर वेळी धाकट्या जावयाला. मग सासरे त्याच्या पाठीवर थाप मारायचे आणि ती लागायची थोरल्याच्या काळजाला. त्यालाही एकदा थाप मिळाली होती, पण तेव्हा पाठीवर मुंगळा होता.

शेवटी त्याने स्वतःच डबी लपवली. गावाबाहेर एका जुन्या जमीनदाराची हवेली होती. आता तिकीट काढून बघायची. बागेतल्या कोरड्या कारंज्याच्या काठावर दगडी बेडूक रांगेने बसलेले. त्याने अगदी तस्साच एक सिमेंटचा बेडूक ओतला, शेवाळ धरावं म्हणून त्याला रोज दही चोळलं, पोटात डबी कोंबली आणि रांगेत बसवून दिला. फोनवर ‘गुप्त घुबड’ या नावाने ठिपका टाकला. रिकामी डबी चालत नाही, म्हणून लग्नात सासऱ्यांनी दिलेलं पितळी होकायंत्र आत ठेवलं. शोधणार आपण, घेणारही आपणच. जातंय कुठे?

रविवारी साडू कुंपणाच्या झुडपात कमरेपर्यंत घुसला. बाहेर नुसते पाय. थोरल्याला इतकं सुंदर दृश्य लग्नातही दिसलं नव्हतं.

“हा घुबड बिनडोक आहे!” पाय म्हणाले.

थोरल्याला झोंबलं. तरी तो म्हणाला, “अगदी ठार बिनडोक!”

मग हनुवटी खाजवत, विचार करतोय असं दाखवत तो कारंज्याकडे निघाला. तेवढ्यात सासरे बुटाची नाडी बांधायला नेमके त्याच बेडकावर बसले. बेडूक कलंडला, सासरे कलंडले, डबी बाहेर पडली.

“अरे वा!” सासरे पडल्या पडल्याच ओरडले. “बेडूकच जास्तीचा! काय डोकं आहे! असा एखादा माणूस आपल्या घरात...” पुढचं त्यांनी गिळलं आणि डबी उघडली. “हे तर मी दिलेलं!”

धाकट्याने झुडपातून बाहेर येत खिशातून आपलं होकायंत्र काढलं. लख्ख घासलेलं. “माझं इथे आहे, बाबा.”

सगळे थोरल्याकडे वळले. बायको म्हणाली, “अहो, आपलं कुठंय?”

‘घुबड मीच’ म्हणावं तर सासऱ्यांची भेट बेडकाच्या पोटात घातल्याचं कबूल करायचं.

“दुकानातून चोरीला गेलं होतं,” तो म्हणाला. “या घुबडानेच मारलं असणार. हलकट!”

“दुकानात येऊन मारलं?” साडू म्हणाला. “तुमच्या डोळ्यांदेखत?”

सासरे कपडे झटकत उठले. बेडकाला त्यांनी सरळ बसवलं, त्याच्या शेवाळावरून बोट फिरवलं, बराच वेळ बघत राहिले.

“चोर तर चोर,” ते म्हणाले, “पण हातात काय कला आहे हो, जावईबापू! शिका काहीतरी.”

आणि त्यांनी बेडकाच्या पाठीवर थाप मारली.